मंत्रीबाईंचे बूट

प्रिय बाबा,

माझी नोकरी शाबूत आहे, काळजी नको. पण आमच्या मत्स्यखात्याच्या मंत्रीबाई, बोडिल राउनहोल्ट, आज पायउतार झाल्या. कॉडच्या मासेमारीवरची बंदी उठवायला त्या तयार नव्हत्या, म्हणून त्यांच्याच उदारमतवादी पक्षाने त्यांना काढलं.

खुर्ची सोडताना भेटवस्तू द्यायच्या रिवाजाप्रमाणे नव्या मंत्र्यांना त्यांनी दिले आपले रबरी बूट! म्हणाल्या, "बंदरावर जात जा. तिथले म्हातारे शिव्या घालतात, पण कॉफी पाजून."

मला तुम्ही आठवलात. "शिकलीस ती आमचीच जाळी वाळत घालायला?" असं बंदी आली तेव्हा म्हणाला होतात. बंदी योग्यच होती, असं मला अजूनही वाटतं. होडी रंगवलीत का? आईला झोप लागते ना?

शनिवारी येतेय. बाईही येणार म्हणतात, तुमच्या शिव्या ऐकायला. त्यांच्याकडे आता बूट नाहीत. आईचे काढून ठेवाल?

तुमचीच,
गुनहिल्ड