पडदा काढल्यावरचा पिवळा

३ मार्च, रविवार
मॉडेल मिळालं! थोरल्या जाऊबाई! तासाला दोन कप चहाच्या बोलीवर तयार झाल्या. पिवळ्या पडद्याच्या खिडकीशी बसवलं. पाच मिनिटांत पेंगायला लागल्या.

५ मार्च
चित्रकलेच्या वर्गात सरांचं पुन्हा तेच — तुम्हाला माहीत असतं ते रंगवता, दिसतं ते नाही. गाल म्हणजे गुलाबी, केस म्हणजे काळे! ते जुने फ्रेंच चित्रकार बाईच्या गालावर बिनधास्त हिरवा ठेवायचे, सावलीत जांभळा, आणि बाई जिवंत वाटायची.
वर्गाच्या प्रदर्शनात एकच जागा उरलीय. पन्नाशी आली, एकदा तरी माझं चित्र भिंतीवर लागायला हवं. हवंच!

८ मार्च
नुसतं बघत बसले. हनुवटीखाली खरंच जांभळा! केसांत निळा. ठिपक्याला लागून ठिपका दिला, रंग कालवले नाहीत.
जाऊबाई सारख्या दंड खाजवत होत्या. हलू नका म्हणून दोनदा ओरडले. चहाही अर्धाच घेतला. अन्नावर वासनाच नाही म्हणे. मी म्हटलं, बरंच आहे, चित्रात बारीक दिसाल.

१० मार्च, रविवार
चेहऱ्यावर पिवळा! कपाळावर, अगदी डोळ्यांच्या पांढऱ्यातसुद्धा. पडद्याचा प्रताप असेल म्हणून पडदा काढला. तरी पिवळाच. म्हणजे माझी नजर तयार झाली! बेधडक लावला, शेजारी जांभळी सावली. दोन्ही रंग कसे पेटून उठले!
जाऊबाई चित्र बघून म्हणाल्या, "अगं, मी काय एवढी पिवळी आहे?" म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं, हा प्रकाश आहे. भावजी म्हणाले, लग्नातसुद्धा ही इतकी उजळ नव्हती. हसून हसून पुरेवाट. मग त्या तिथेच आडव्या झाल्या.

१२ मार्च
सर चित्रासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "डोळ्यांतला हा पिवळा तुम्ही बघितलाय. मनाने घातलेला नाही." चित्र निवडलं! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

१३ मार्च
चौकट आणली. सोनेरी नको, साधी पांढरी.

१४ मार्च
जाऊबाईंना हॉस्पिटलात ठेवलंय. कावीळ, बरीच वाढलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.
डॉक्टरांनी विचारलं, डोळे पिवळे कधीपासून? भावजी मुलांकडे बघायला लागले, मुलं त्यांच्याकडे.
"रविवारी होते," मी म्हटलं. "मी रंगवलेत."