पेलिकन्सचा शेवटचा चेंडू

प्रिय अहो,

उभ्या संसारात तुम्हाला नावाने हाक मारली नाही. आता पत्रात मारली तर तुम्हीच दचकाल! लिहायला बसले, कारण काल दुपारी मिक आला होता. हो, तुमच्या पेलिकन्सचा मिक. तुम्ही गेल्याचं त्याला आत्ता कळलं. दारात उभा, हातात एक मळका बेसबॉल.

काय होती हो ती टीम! आपल्या स्प्रिंगफील्ड लेक्सची, ऑस्ट्रेलियातल्या बेसबॉलच्या अगदी खालच्या लीगमधली. प्लंबर, नर्स, शाळामास्तर खेळायचे आणि इमानेइतबारे हरायचे. तुम्ही रिटायर झालात, मला वाटलं आता घरात लक्ष घालाल. कसलं काय! दर शनिवारी टोपी चढवून स्वारी मैदानावर. मराठी मंडळाची दिवाळी शनिवारी आली की तुमचं हमखास पोट दुखायचं. कळत नव्हतं का मला?

आणि ते चेंडू परत फेकणं! बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. पण तुम्ही पडलात दादरच्या गल्लीत क्रिकेट खेळलेले. पहिल्याच मॅचला शेजारच्या मुलीच्या हातातला चेंडू घेऊन तुम्ही थेट मैदानात भिरकावलात. पोरीने भोकाड पसरलं. मी शरमेने अर्धी झाले आणि तुम्ही तिच्या आईला समजावताय, "चेंडू परत द्यायचा असतो, नाहीतर खेळ थांबतो!" तेही मराठीत! डब्यातली शंकरपाळी पुढे केलीत, तेव्हा कुठे पोरगी गप्प झाली.

पुढे अख्ख्या मैदानाला ती खोड लागली. चेंडू आला की सगळे ओरडायचे, "गिव्ह इट बॅक!" पाहुण्या टीम चक्रावून जायच्या.

मग मैदानावरच्या दिव्यांचा खर्च झेपेना, निम्मी पोरं खाणींतल्या नोकऱ्यांवर गेली आणि टीम बंद पडली. शेवटच्या मॅचला मिकच्या बॅटला लागलेला चेंडू नेमका तुमच्या मांडीत पडला. लोक म्हणाले, "कीप इट, मेट!" तुम्ही उठलात आणि फेकलात. पुढच्याच चेंडूवर मिक बाद. घरी आल्यावर वरणभात कालवता कालवता रडलात. त्या दिवशी तुम्ही मला फार आवडलात. तेव्हा सांगायचं राहिलं.

तुम्ही फेकलेला तो चेंडू मॅच संपल्यावर मिकने खिशात घातला होता. काल माझ्या हातात ठेवून म्हणाला, "ही ऑल्वेज गेव्ह इट बॅक. माय टर्न नाऊ, सुलभा." मी चहा केला.

चेंडू देवघरात ठेवलाय. नात म्हणते, "आजी, दॅट्स अ कीपर!" म्हणजे जपून ठेवायची वस्तू. मलाही तो सोडवत नाहीये हो. येताजाता हात लावते. सगळं परत करणारे तुम्ही, स्वतः मात्र परत यायचं नाव नाही!

पण मिक सांगत होता, त्याच मैदानावर आता मुलींची टीम सुरू होतेय. आज सकाळी देवाला फुलं वाहताना तो चेंडू नुसता बसलेला दिसला आणि तुमचं ते वाक्य आठवलं, "नाहीतर खेळ थांबतो!" लगेच मिकला फोन केला.

तर ऐका. शनिवारी त्यांची पहिली मॅच आहे. तुमची टोपी घालून, शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी जाणार आहे. मॅच सुरू करायचा मानाचा पहिला चेंडू तुमचा असेल आणि तो मी टाकेन, हे वचन. दोन टप्पे पडतील, वाकडासुद्धा जाईल. हसायचं नाही!

तुमचीच,
सुलभा