काकूंची शिकवणी

५ नोव्हेंबर
सामान लावून झालं. खोली माडीवर आहे, मोठी खिडकी, टेबलाशी छान उजेड. बायको गेल्यापासून जुन्या घरातली प्रत्येक वस्तू अंगावर यायची. इथे ओळखीचं काहीच नाही, म्हणून बरं वाटतं. खाली एकट्या घरमालकीणबाई राहतात; सगळे त्यांना काकू म्हणतात. मी शाळेत इंग्रजी शिकवायला आलोय हे कळताच त्यांनी माझ्याकडे शिकवणीच लावली. परदेशातल्या सुनेला मराठी येत नाही. फोनवर मी नुसतं फाइन फाइन करते, तिला वाटत असेल सासू म्हणून पोपट मिळालाय, असं म्हणाल्या. खूप दिवसांनी हसलो.

८ नोव्हेंबर
रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात धडा असतो. काकू हुशार आहेत. आज बाजारहाटाची वाक्यं घेणार होतो, पण त्यांना भलतेच शब्द हवे होते. माणूस आतून धास्तावलेला असला की कसा बसतो, कसा बघतो, ते इंग्रजीत कसं सांगायचं? सुनेशी बोलायला हे कशाला लागतं, असं विचारलं तर चहात साखर पुरे का म्हणाल्या. मी अनइझिली, नर्व्हसली, ऑकवर्डली असे शब्द दिले आणि त्यांची वाक्यं करायला सांगितली.

११ नोव्हेंबर
वाक्यं माझ्यावरच निघाली. सर पलंगाच्या कडेला ऑकवर्डली बसतात. सर मागे वळून अनइझिली बघतात. वाक्यं बरोबर होती, म्हणून शाबास म्हणालो. पण मी दार लावून बसतो. हिची जागा मोकळी सोडून कडेला बसायची माझी सवय कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. बाई डोकावतात कुठून?

१२ नोव्हेंबर
दाराखालच्या फटीत कापड कोंबलं. किल्लीच्या भोकात कागद. खिडकीला जाड पडदा. काकूंचे गुडघे धरलेले आहेत. त्या जिना चढल्या तर मला ऐकू आल्याशिवाय राहणार नाही. तरी कुणीतरी बघतं आहे. उद्या सरळ विचारतो.

१३ नोव्हेंबर
विचारलं. मराठीत म्हणाल्या, तुमचं आपलं काहीतरीच. मग खालच्या आवाजात, इंग्रजीत: मला बंद दाराआडचंही दिसतं. एक बाई सरांच्या मागे उभी असते, इम्पेशंटली. कोण बाई? माझा आवाज चढला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बघत होत्या माझ्या खांद्याकडे.
दुःखातल्या माणसाला गंडवणारे पुष्कळ असतात. मी इतका भोळा नाही.
तरी खोलीत आल्यावर हिला हळूच हाक मारली.

१५ नोव्हेंबर
राहवलं नाही. इंग्रजीतच विचारलं, कशी दिसते ती. काकू म्हणाल्या, केस गुडघ्यापर्यंत. मोकळे.
हिचे केस कायम मानेपर्यंत. शेवटच्या आजारपणात तेही राहिले नाहीत. टेबलावरचा फोटो काकूंनी पाहिला आहे. मला फसवायचंच असतं तर आखूड म्हणाल्या असत्या.
मग मी हाक मारली ती कुणाला?

१६ नोव्हेंबर
काकूंनी आजची वाक्यं पाठ करून ठेवली होती. तुमची बायको फाटकाबाहेर उभी आहे, फिअरफुली. हाताने बोलावते आहे. आत यायला घाबरते. आधीच्या भाडेकरूला मी मराठीत सावध केलं. त्याच संध्याकाळी तो जिन्यावरून — पुढचा शब्द येईना, त्यांनी फक्त हात खाली नेला. तुमच्या मागच्या बाईला मराठी कळतं, सर. इंग्रजी नाही. गो. क्विकली.
लगेच मोठ्याने मराठीत, चहा गार होतोय हो.

तोच दिवस, संध्याकाळ
बॅग भरली. काकूंवर उगाच संशय घेतला. फोटो खिशात. जिन्यात दिवा नाही, म्हणून उजेड आहे तोवर मागच्या दाराने निघतो, वळसा घालून फाटकाशी, हिच्याकडे —

खाली मागच्या दाराची कडी वाजली. काकू नव्हेत. पडदा सारला, त्या पुढच्या दाराबाहेर उभ्या आहेत, खिडकीतून दिसतात. हातवारे करताहेत. मला. वहीकडे बोट —

वही. मी इथे सगळं मराठीत —

मागच्या दाराने निघणार, हेसुद्धा लिहिलं —

पानावर सावली. शाईवर केस उतरताहेत, खांद्यावरून, ती वाच