नव्या जावयाचा जिताडा

रमीजभाई, अस्सलामु अलैकुम.

हे पत्र मी तुला दोहाला धाडणार नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल माझ्या हादियाचा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला. नव्या जावयाला आपल्याच तळ्यातला जिताडा वाढायचा, हा आपल्या घरचा रिवाज. तळोजाच्या बाजारात मासा मिळेना, म्हणून नव्या मॉलमध्ये गेले. फ्रीजरमध्ये दगडासारखा गोठलेला जिताडा होता. पाकिटावर लिहिलेलं, व्हिएतनाम! तोच आणून रांधला. भाई, तो फ्रीजर आहे ना, बरोब्बर तिथंच आपलं तळं होतं. गेटपाशी आपली चिंच अजून उभी आहे, तिच्यावरून ओळखलं.

अब्बा अंथरुणाला खिळलेले. तळं तू बिल्डरला विकलंस, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. पहिला घास घेऊन त्यांनी विचारलं, "आपल्याच तल्यातला हाय ना?"

जावयासमोर काय बोलणार? मी "हो" म्हटलं.

"चव गेलीय," अब्बा म्हणाले. "रमीजला फोन लाव. यंदा तलं साफ कर म्हनावं, मंग नवी पिल्लं सोड."

सकाळपासून फोन उशाशी घेऊन पडलेत. तुझा फोन लागत नाही, असं मी सांगतेय.

तुझीच,
तस्नीम