कौतिकामावशीचं अर्धं वाक्य

१२ सप्टें., शिरूर
विद्यापीठाचा फोन. जिनिव्हाच्या परिषदेत माझं बीजभाषण पक्कं, २६ला. विषय तोच: ऊसतोड बायका आणि त्यांची 'निर्णयक्षमता'. या एका शब्दावर पंधरा वर्षं जगले. प्राध्यापक झाले, विमानं पाहिली. आता शब्दाचीच किळस येते.

१४ सप्टें.
कौतिकामावशीकडे गेले. माझ्या पहिल्या लेखातली बाई ती हीच. गर्भपिशवी काढल्यावर म्हणाली होती, "पिशवी काढली, सुटले बाई." तेवढं मी उचललं, बाईचा स्वतःचा निर्णय म्हणून मांडलं. पुढचं टेपवरच राहिलं: "पर आता वझं उचलवत न्हाई, कंबर गेली." लेखात बसेना, गाळलं.

आज तिची सून ज्योती भेटली. तेवीस वर्षांची, दोन लेकरं. दसऱ्यानंतर कारखान्यावर जायच्या आत तिचीही काढायची म्हणे. पाळीच्या दिवसांत खाडा नको! नवरा-बायको मिळून एक कोयता, एक बसलं की दुसऱ्याचंही काम अडतं. मजुरांची टोळी नेणारा मुकादम सांगून गेलाय.

"कावून काढता, मावशी?"
तिने फडताळातून घडी घातलेला कागद काढला. मी जिची सल्लागार, त्या संस्थेनं छापलेलं पत्रक. तिचाच हसरा फोटो, खाली तेच वाक्य.
"मुकादमानं दिला. तुमीच लिवलंय ना? शिकल्याली बाई खोटं लिवंल व्हय?"
थू माझ्या शिक्षणावर.

१५ सप्टें.
संस्थेला फोन केला, पत्रक मागे घ्या म्हटलं. "मॅडम, परिषदेच्या तोंडावर? सगळ्यात गाजलेलं वाक्य आहे ते." फोन आपटला.

१७ सप्टें.
टेप घेऊन परत गेले. दोघींना सगळी ऐकवली. मावशीनं पत्रक माझ्यापुढं सरकवलं.
"कंबरचं कावून न्हाई छापलं?"
लेखात बसेना, म्हटलं.
ज्योती पहिल्यांदाच बोलली. "ताई, तुमी काढली का?"
"नाही."
"मग?"
दवाखान्याचा नंबर २६चा, सकाळी नऊ. निघताना मावशी दारापर्यंत आली. "पोरीची न्हाई काढायची. पर मुकादमाम्होरं आमच्यानं बोलवत न्हाई. त्या दिशी तुमी या. तुमचं ऐकंल त्यो."
येते म्हटलं.

१९ सप्टें.
तिकीट आलं, विमान २४चं. सोबत भाषणात पडद्यावर दाखवायची चित्रं. पहिल्याच चित्रात मावशी हसतेय.
परिषदेला येत नाही, एवढंच विद्यापीठाला कळवायचंय. दोन ओळी. सकाळपासून चारदा लिहून खोडल्या. शी.