लाल डिझेल आणि इमेल्दाची घरगाडी

मी, हार्लन जोनास अनरूह, वय एक्याऐंशी, धंदा दुसऱ्यांचा गहू कापून देणे, राहणार डायटन, राज्य कॅन्सस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांना माझ्या हृदयाबद्दल शंका आहे, डोक्याबद्दल नाही. तसे त्यांच्याकडून लेखी घेऊन सोबत जोडले आहे. कोणी माझ्या मानगुटीवर बसून हे लिहून घेतलेले नाही. आजवर कोणाला ते जमलेले नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

वकिलांनी एक पान पुरे म्हटले होते. ज्यांनी मला शेतकरी संघाच्या सभेत बोलताना ऐकले आहे, ते त्या वकिलांना हसतील.

कलम पहिले. डायटनचे घर, मागची जमीन आणि बँकेत जे काही असेल ते माझा एकुलता मुलगा क्लेटन याला. त्याची आई वॉनिता हिने लावलेली जर्दाळूची झाडे तोडू नयेत. माझी पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. त्यांत रस्त्यांच्या इतिहासाची दोन कपाटे आहेत. रोमन लोकांनी बांधलेल्या रस्त्यांपासून आपल्या तालुक्याच्या खडीच्या रस्त्यापर्यंत सगळे त्यात आहे. समासात मी जिथे लेखकांना शिव्या दिल्या आहेत, त्या खोडू नयेत. त्या विचारपूर्वक दिलेल्या आहेत.

कलम दुसरे. हार्वेस्टर, ते वाहून नेणारे ट्रक, धान्याच्या गाड्या आणि सगळी हत्यारे क्लेटनला. टेक्सासमध्ये गहू पिकला की निघायचे आणि गव्हाच्या मागे मागे मोंटानापर्यंत जायचे, हा आमचा धंदा तो माझ्यापेक्षा चांगला चालवतो. वाऱ्याने आडवा पडलेला गहू तो असा उचलून कापतो, की शेताचा मालक टोपी काढून बघत राहतो. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटले नाही. आता कागदावर आहे, त्याने हवे तितक्यांदा वाचावे.

कलम तिसरे. आमच्या कापणीच्या टोळीची मोटारहोम, जिला आम्ही घरगाडी म्हणतो, तिच्यातल्या चुली, शीतपेट्या, भांडी आणि खुर्च्यांसकट इमेल्दा बाका हिला, पूर्ण मालकीहक्काने. मी जाताच कागदपत्रे तिच्या नावावर करावीत.

क्लेटनला ही घरगाडी विकायची आहे. जेवण गावातून मागवू, असे तो म्हणतो. वॉनिता गेल्यापासून इमेल्दा आमची स्वयंपाकीण आहे. कापणीच्या हंगामात तिला दुसरे घर नाही, आणि हंगाम संपल्यावर न्यू मेक्सिकोत ती भावाच्या घरी पाहुणी असते. गाडी विकली तर तिचे घर जाते. म्हणून मी क्लेटनला कारण देणे लागतो. ते कारण त्यालाही माहीत आहे, फक्त तो ते उलट्या बाजूने सांगतो.

आम्ही दोन प्रकारचे डिझेल बाळगतो. शेतात चालणाऱ्या यंत्रांचे डिझेल लाल रंगाचे असते. त्याच्यावर रस्त्याचा कर नाही, कारण हार्वेस्टर रस्ता झिजवत नाही. रस्त्यावरच्या गाडीत मात्र साधे, कर भरलेले डिझेल घालायचे. लाल डिझेलचा टँकर आमच्या मागेच असतो, शेतातच उभा. आणि घरगाडीही आठ-आठ दिवस शेतात उभी असते, जनरेटर लावून भाकऱ्या भाजत. मग तिने मैलोन् मैल दूरच्या पंपावर जायचे कशाला? या प्रश्नाने आमच्यासारख्या कितीतरी टोळ्यांचे पाय घसरले आहेत.

मी स्वतः राज्याच्या समितीपुढे उभा राहून बोललो आहे. म्हणालो, "सभ्य गृहस्थहो, यंत्राच्या पोटात जाते ते इंधन आणि यंत्र चालवणाऱ्याच्या पोटात जाते ते काय? शेतातली चूल हे शेतीचे अवजार आहे!" टाळ्या पडल्या, ठराव पडला. अध्यक्ष म्हणाले, जनरेटर आणि इंजिन एकाच टाकीतून पितात, तोवर कायदा तसाच राहील. बाहेर आल्यावर इमेल्दा म्हणाली, "मालक, भाषण झकास झालं. पण त्या माणसाचं बरोबर होतं."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते घडले. ओबर्लिनजवळचे शेत आटोपले होते. पुढचा गहू नेब्रास्कात, लाइल सोरेन्सनचा. आमचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा शेतकरी. त्याचा गहू तयार होता आणि रेडिओ गारांचा इशारा देत होता. सकाळी निघायचेच होते. आमची यंत्रे रस्त्याच्या एका पट्ट्यापेक्षा रुंद, त्यामुळे पुढे फलक आणि झेंडे लावलेली गाडी असल्याशिवाय हलता येत नाही. ती पुढची गाडी म्हणजे घरगाडी; फलक तिच्यावरच पक्के बसवलेले होते.

न्याहारीला क्लेटन आनंदात आला. "मावशी, तुझी टाकी काठोकाठ भरून ठेवली. पंपावरची चक्कर वाचवली तुझी."

"शहाणं माझं लेकरू. कुठून भरलीस?"

"कुठून म्हणजे? मागच्या टँकरमधून."

इमेल्दाने तवा खाली ठेवला. गाडीची किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात असते. ती तिने काढली, सगळ्यांना दाखवली आणि शिजत असलेल्या घेवड्याच्या पातेल्यात टाकली.

"ज्याला निघायची घाई असेल, त्याने हात घालावा."

"मावशी, अगं एकदाच! गारा येतायत!"

"अरे, गारांना मी बोलावलंय का? टाकी रिकामी कर."

"कोण बघणार आहे? आज रविवार आहे. तपासनीस चर्चमध्ये बसलेत सगळे."

"आणि मी काय आंधळी आहे? मला बघायला इन्स्पेक्टर कशाला लागतो?"

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला!"

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो की घरगाडी ती चालवते, तेव्हा निर्णय तिचा. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत छोटे भाषण.

मग ती कामाला लागली. काय काम ते! तिने गाडीखाली सतरंजी टाकली आणि स्वतः आडवी झाली. लाल डिझेल उपसून हार्वेस्टरच्या टाक्यांत ओतवले, कारण टाकून देणे तिच्या रक्तात नाही. क्लेटनला पिकअप देऊन पंपावर पिटाळले. साधे डिझेल घातले, टाकी खंगाळली, काचेच्या बरणीत घेऊन उन्हात धरले: गुलाबी. पुन्हा उपसा. गाळणी बदलली. क्लेटन पुन्हा पंपावर. बरणी उन्हात: सरबतासारखी. हा रंग असा चिवट असतो की थेंबभर उरला तरी सांगतो. मधल्या वेळात तिने सगळ्यांना जेवायला घातले, घेवड्यासकट. किल्ली क्लेटनच्या ताटात आली. मी वाढणाऱ्या इमेल्दाकडे पाहिले, ती दुसरीकडे बघत होती.

बरणी पाण्यासारखी झाली तेव्हा दिवस कलला होता, आणि अंधारात रुंद यंत्रे नेता येत नाहीत. आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो. वाटेत एकाही माणसाने आमची टाकी तपासली नाही. एकाही नाही. सोरेन्सनचा अर्धा गहू गारांनी जमिनीला चिकटवला होता.

तो बांधावर उभा होता. म्हणाला, "हार्लन, काल का नाही आलात?"

क्लेटन पुढे झाला. "लाइलकाका, गाडी बिघडली हो—"

"नव्हती बिघडली," इमेल्दा म्हणाली. "टाकीत लाल गेलं होतं. मी निघू दिलं नाही. बोलायचं ते मला बोला."

तो तिला बोलला. जे बोलला ते मी इथे लिहीत नाही, कारण हा कागद न्यायालयात जायचा आहे. ती ऐकून घेत उभी राहिली. मग राहिलेला गहू कापणाऱ्यांसाठी स्वयंपाक केला, आणि पहिले ताट त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने ते घेतले नाही. पुढच्या वर्षी त्याने आम्हांला बोलावले नाही, आणि नंतरही नाही.

क्लेटन, तू अजून म्हणतोस की मावशीच्या हट्टाने सोरेन्सन गेला. गेला, हे खरे आहे. पण मी आयुष्यभर व्यासपीठांवरून ओरडत आलो की रस्ता हा आपल्या सगळ्यांचा आहे. त्याचे भाडे न भरता त्याच्यावरून जाणारा माणूस चोर आहे, मग तो कितीही कष्टाळू असो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन आपापल्या टँकरची नळी उचलली. माझे ऐकून कोणाची टाकी रिकामी झाल्याचे मला माहीत नाही. इमेल्दाने एक रिकामी केली. कोणी बघत नसताना, गारा येत असताना, आणि त्याची किंमत मोजावी लागेल हे कळत असताना. मी सम्राटांची चरित्रे वाचली आहेत, क्लेटन. त्यांत मला याच्या तोडीचे फार थोडे सापडले.

म्हणून गाडी तिची. विकायची की चालवायची ते ती ठरवील.

कलम चौथे. लाल डिझेलचा टँकर क्लेटनला. त्याच्या नळीला कुलूप आहे. त्याची एकच चावी ठेवावी आणि ती इमेल्दाकडे असावी. रोज सकाळी हार्वेस्टर भरण्याआधी क्लेटनने तिच्या दारात जाऊन ती मागावी. ती बस म्हणाली तर बसावे, वाढेल ते खावे. तुम्ही दोघे हंगामभर एकमेकांना निरोप पाठवून बोलता, आणि ते निरोप मला पोचवावे लागतात. मी गेल्यावर हे काम कोणी करणार नाही. घरगाडीच्या उजव्या अंगाला जनरेटरसाठी मी वेगळी छोटी टाकी बसवून घेतली आहे. तिच्यात लाल घालायला समिती आणि इमेल्दा दोघांचीही परवानगी आहे.

कलम पाचवे. लाइल सोरेन्सनला माझ्याकडून काही नाही, पण माझा रागही नाही. त्याचा गहू गेला होता. आम्ही दारू पिऊन पडलो होतो म्हणून उशीर झाला, असे गावोगाव सांगणाऱ्या दुसऱ्या एका टोळीवाल्याला मी माफ करत नाही. त्याचे नाव लिहून हा कागद खराब करणार नाही.

कलम सहावे. माझी शवपेटी आमच्याच ट्रकवरून न्यावी. ट्रकमध्ये कर भरलेले डिझेल असावे. कबरस्तानच्या फाटकाच्या आत ट्रॅक्टर चालेल. तिथे लाल वापरण्यास माझी हरकत नाही. पाळकांनी थोडक्यात बोलावे. माझी नक्कल करू नये.

साक्षीदारांविषयी. मला इमेल्दाची सही हवी होती, पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणतात. हे तिला सांगावे म्हणून मी आज तिच्याच टेबलाशी बसून कलम तिसरे वाचून दाखवले. ती कणीक मळत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"म्हणजे ही गाडी माझी?"

"मी मेल्यावर."

"मेल्यावर कशाला? कागदावर आलं म्हणजे आलं. क्लेटनला माहीत आहे?"

"उद्या सांगतो."

"आजच सांगा. जेवायला येईल तेव्हा, माझ्यासमोर." मग तिने टेबलाखाली वाकून पाहिले. "मालक, तुम्ही माझ्या घरात बसलाय. बूट काढा."

मी बूट काढले आहेत, आणि मोजे घातलेल्या पायांनी, पूर्ण शुद्धीत, खाली सही करत आहे.

हार्लन जोनास अनरूह

आमच्या समक्ष त्यांनी सही केली. आम्हांला यातून काही मिळत नाही, जेवणाखेरीज:
१. डोरीन शार्टझर, ग्रंथपाल, डायटन
२. रूबेन कोएन, पाळक, डायटन

स्थळ: इमेल्दा बाका यांचे घर, सध्या डायटनच्या दक्षिणेला गव्हाच्या शेतात उभे
दिनांक: २४ जून २०१९