उष्टावणाची टेप

तीर्थरूप आबा,

दोन्ही पायांवर डोकं ठेवतो. मी खुशाल हाय. फोनवर तुमी बोलूच देत न्हाई, म्हणून पत्र. धाकट्या संपतला मोठ्यानं वाचायला लावा.

फौजेतनं पेन्शनीवर आलो, पर उंब्रजला येणार न्हाई. इथंच जबलपूरला एका टेलरकडं चाळिसाव्या वर्षी काजं करायला शिकतोय. मास्तर लय शिव्या देतो, तरी जेवण गोड लागतं. आईचे गुडघे कसे हायत?

माझ्या उष्टावणाला माझ्यापुढं वही, खुरपं, तुमची फौजी टोपी आन् आईची शिवणाची टेप मांडलेली. पोरगं ज्याला हात घालंल, तेच त्याचं काम. मी टोपी धरली, असं तुमी जन्मभर सांगितलं. त्या टोपीपायी मी सतरा वर्षं बंदूक धरली.

मागल्या सुट्टीत बनुआत्यानं खरं सांगितलं. मी टेप धरलेली. तुमी ती हिसकावून माझा हात टोपीवर दाबला. उजव्या हातानं, तिला पक्कं आठवतंय.

संपत म्हणाला, लकव्यानं तुमचा एक हात गेला. कुठला गेला, तेवढं कळवा.

तुमचा शिंपी,
हणमंत